उत्तर आलं, पण ते खरं कशावरून?

पत्र

आदरणीय ताई,

मी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवते. काही वर्षांपूर्वी आमच्या विभागात डेटा सायन्सचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. मुलं मेहनती आहेत. प्रत्येकाच्या रेझ्युमेवर ऑनलाइन कोर्सची आठ-दहा प्रमाणपत्रं आहेत. पायथन, मशीन लर्निंग, डीप लर्निंग, सगळं आहे. तरी मुलाखतीतून परत येतात ती पडलेल्या चेहऱ्याने. परवा एका मुलीला मुलाखतीत विचारलं, “तुमच्या मॉडेलची अचूकता ९४ टक्के आहे. मग आम्ही ते वापरावं का?” तिला काही बोलताच आलं नाही. मला म्हणाली, “मॅडम, असा प्रश्न मला आजवर कुणी विचारलाच नव्हता.” विभागप्रमुख म्हणतात, नवं सॉफ्टवेअर घेऊ आणि शेवटच्या सेमिस्टरला करिअरची दोन दिवसांची कार्यशाळा ठेवू. मला स्वतःला पायथन जेमतेम येतं. त्यात आता एआय कोडही लिहून देतं. येत्या सेमिस्टरला माझ्याकडे प्रोजेक्टचा पेपर आहे, साठ विद्यार्थी आहेत. मी नेमकं काय बदलू?

– एक प्राध्यापिका

उत्तर

मॅडम, सप्रेम नमस्कार.

नवं सॉफ्टवेअर राहू द्या. दोन दिवसांची कार्यशाळाही राहू द्या. प्रोजेक्टचा अख्खा पेपर तुमच्या हातात आहे, बदल करायला तेवढा पुरेसा आहे.

मी डेटाचं काम करते आणि नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलामुलींच्या मुलाखतीही घेते. तुमची विद्यार्थिनी जिथे अडली तिथेच बहुतेक जण अडतात. कोड सगळ्यांना लिहिता येतो, मॉडेल, म्हणजे डेटावरून अंदाज बांधणारा प्रोग्रॅम, सगळ्यांनी चालवलेलं असतं. पण आलेलं उत्तर खरं कशावरून, ते कुठे फसू शकतं, त्यावर विसंबून कुणी निर्णय घेतला तर काय होईल, असं विचारलं की शांतता पसरते. यात मुलांचा दोष नाही. अख्ख्या पदवीत त्यांना उत्तर काढायला लावलेलं असतं. काढलेलं उत्तर तपासायला कुणी लावलेलं नसतं. कौशल्यासाठी सॉफ्टवेअर आणि नोकरीसाठी कार्यशाळा असे विभागप्रमुख दोन प्रश्न करतात, मला तो एकच वाटतो. स्वतःच्या उत्तरावर शंका घ्यायची, ती तडीस न्यायची आणि जे निघालं ते समोरच्याला सरळ शब्दांत सांगायचं, एवढं ज्याला जमतं तो मुलाखतीतही टिकतो आणि कामावरही.

त्या ९४ टक्क्यांपासूनच सुरुवात करा. पहिल्या तासाला फळ्यावर हे गणित मांडा. समजा एका वर्षाला एक हजार विद्यार्थी आहेत आणि त्यातले ६० मध्येच शिक्षण सोडतात. कोण सोडणार याचा अंदाज आधीच बांधायचा आहे. आता एक असं मॉडेल घ्या जे प्रत्येकाबद्दल डोळे मिटून सांगतं, “हा सोडणार नाही.” त्याची अचूकता ९४ टक्के. आणि ज्यांना शोधायचं होतं त्या साठांपैकी सापडले किती? एकही नाही. दुसरं मॉडेल साठांपैकी ४० जण बरोबर ओळखतं, पण न सोडणाऱ्या १०० जणांवरही चुकून खूण करतं. त्याच्या एकूण चुका १२०, म्हणजे अचूकता ८८ टक्के. कागदावर ते हरलं. पण विद्यार्थ्यांशी बोलणारे समुपदेशक असतील आणि त्यांना १४० जणांना भेटणं शक्य असेल, तर कामाचं हेच मॉडेल आहे. समुपदेशक एकटेच असतील आणि वीस जणांनाच भेटू शकत असतील तर हेही जसंच्या तसं उपयोगाचं नाही. मग यादीतले पहिले वीस कोण, हे ठरवता आलं पाहिजे.

मुलाखतीत विचारलेल्या त्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. “मॉडेल वापरावं का” हे अचूकतेच्या आकड्यावरून ठरत नाही. एकूणात ती गोष्ट किती दुर्मीळ आहे, कोणती चूक महागात पडते आणि उत्तर हातात आल्यावर कोण काय करणार आहे, यावरून ठरतं. हे समजायला पायथनची ओळही लागत नाही. तुम्ही संख्याशास्त्र शिकवता. खरं सांगू का, मुलांना ज्याची वानवा आहे ते तुमच्याकडेच आहे. पायथन जेमतेम येतं म्हणून मागे सरू नका.

आता प्रोजेक्टकडे वळू. बहुतेक ठिकाणी प्रोजेक्टसाठी तयार डेटा उचलला जातो. आयरिस फुलांचा डेटा हा सगळ्यांचा लाडका. रोनाल्ड फिशर यांनी १९३६ साली वापरलेला, १५० ओळींचा, तीन जातींची प्रत्येकी ५० फुलं, एकही रकाना रिकामा नाही. शिकायला सुरुवात करताना तो उत्तम. पण त्यात प्रश्न तयार आहे, रकाने तयार आहेत आणि उत्तर जगजाहीर आहे. शंका घ्यायला जागाच उरत नाही. कामावर रुजू झाल्यावर असा डेटा मिळत नाही.

दुसरा लाडका म्हणजे टायटॅनिक जहाजाच्या प्रवाशांचा. तो मात्र टाकून देऊ नका, त्यात एक फार चांगला धडा दडलेला आहे आणि जवळपास सगळे त्याच्यावरून पुढे निघून जातात. कॅगल या संकेतस्थळावर मॉडेल शिकवण्यासाठी त्यातल्या ८९१ प्रवाशांची फाइल दिलेली आहे. त्यातल्या १७७ जणांचं वय नोंदलेलं नाही. विद्यार्थी काय करतात? उपलब्ध वयांचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारं वय, काढतात, तो येतो २८, आणि सगळ्या रिकाम्या जागी २८ भरून मोकळे होतात. एका ओळीचा कोड. अहवालात एक वाक्य येतं की गहाळ मूल्यं मध्यकाने भरली. संपलं.

तिथे त्यांना थांबवा आणि विचारा, हे १७७ जण कोण होते? मोजायला लावा. त्यातले १३६ तिसऱ्या वर्गाचे प्रवासी निघतात. मग विचारा, यातले वाचले किती? ५२, म्हणजे साधारण २९ टक्के. ज्यांचं वय माहीत आहे अशा ७१४ जणांतले वाचले २९०, म्हणजे जवळजवळ ४१ टक्के. रिकामी जागा योगायोगाने रिकामी नाही. तिसऱ्या वर्गातल्या, बुडालेल्या माणसाचं वय सांगायला पुष्कळदा कुणी मागे उरलंच नसावं. तिथे २८ भरणं म्हणजे या लोकांबद्दल आपल्याला काही ठाऊक नाही ही मोलाची माहिती पुसून टाकणं. वय भरूच नये असं मी म्हणत नाही. भरा, पण वय मुळात गहाळ होतं की नाही याचा वेगळा रकाना ठेवा, आणि का भरलं ते दोन वाक्यांत लिहा. ज्या विद्यार्थ्याने ही मोजणी एकदा स्वतः केली, तो पुढे कुठलीही रिकामी जागा न विचारता भरत नाही असा माझा अनुभव आहे.

अशीच दुसरी जागा म्हणजे दोन तक्ते जोडणं. त्यासाठी वापरतात ती एसक्यूएल, म्हणजे तक्त्यांतून माहिती काढायची भाषा, सत्तरच्या दशकात आयबीएममध्ये जन्मली आणि आजही डेटाच्या नोकरीच्या मुलाखतीत तिच्यावर प्रश्न असतातच. मुलं तिला जुनाट समजून न्यूरल नेटवर्कसारख्या गाजणाऱ्या तंत्रांच्या मागे लागतात. त्यांना साधं उदाहरण द्या. एका तक्त्यात तीन विद्यार्थी. दुसऱ्या तक्त्यात परीक्षेचे प्रयत्न. दोघांनी एकेकदा परीक्षा दिली, तिसऱ्याने तीनदा. जोडणी केली की ओळी होतात पाच. आता विद्यार्थी किती म्हणून ओळी मोजल्या तर उत्तर पाच. सरासरी वय काढलं तर तिसऱ्याचं वय तीनदा धरलं जातं. कोड बिनतक्रार चालतो, लाल अक्षरांत काही येत नाही, आकडा दिसायला अगदी शहाणासुरता असतो. आणि चुकीचा असतो. म्हणून एक शिस्त लावा: जोडणीच्या आधी ओळी किती, नंतर किती, आणि वाढल्या किंवा घटल्या असतील तर का, हे लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. मुलाखतीत अगदी हाच सापळा लावलेला असतो. मी स्वतःही लावते. जो उमेदवार लिहिण्याआधी विचारतो, “एका विद्यार्थ्याच्या अनेक नोंदी असू शकतात का?” त्याच्याबद्दल माझं मत तिथेच चांगलं होतं.

साधनांबद्दल याहून जास्त लिहीत नाही. स्प्रेडशीट, एसक्यूएल, पायथन किंवा आर यांपैकी एक भाषा, आणि कामाची नोंद ठेवायला गिट. पहिल्या नोकरीला एवढं पुरतं. बाकीचं काम पडेल तसं शिकता येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा बदल. प्रोजेक्टला असा प्रश्न द्या ज्याच्या उत्तराची कुणीतरी खरोखर वाट पाहत आहे. त्यासाठी कंपन्यांशी करार वगैरे करायची गरज नाही. तुमच्याच विद्यापीठात ग्रंथालय आहे. ग्रंथपालांना जाऊन भेटा आणि त्यांना कोणत्या गोष्टीचा निर्णय घ्यायचाय ते विचारा. परीक्षेच्या काळात वाचनकक्ष रात्री किती वाजेपर्यंत उघडा ठेवावा? कोणत्या पुस्तकांच्या जादा प्रती घ्याव्यात? प्रश्न साधे दिसतात. पण मुलं डेटात उतरली की गुंता कळतो. मागणी नोंदवलेली असते ती मिळालेल्या पुस्तकांची. जे पुस्तक कधी जागेवर नसतंच आणि म्हणून कुणाला मिळत नाही, त्याची मागणी डेटात शून्य दिसते. सगळ्यात जास्त हवं असलेलं पुस्तक यादीत सगळ्यात खाली. हे एखादा विद्यार्थी स्वतःहून पकडेल, आणि त्या दिवशी तुम्ही त्याला एका वर्षाच्या व्याख्यानांपेक्षा जास्त दिलेलं असेल.

प्रश्न विचारणारी व्यक्ती दोनदा वर्गात आली पाहिजे: सुरुवातीला प्रश्न सांगायला आणि शेवटी उत्तर ऐकायला. पहिल्या भेटीत मुलांनी फक्त प्रश्न विचारायचे. ‘जास्त वापर’ म्हणजे तुमच्या मते काय? हा रकाना कोण भरतं, आणि कधी भरतं? मध्येच नोंदीची पद्धत बदलली होती का? या बोलण्यात इतकं काही हाती लागतं की पुढचं निम्मं काम सोपं होतं. आमच्या क्षेत्रात नवखे लोक नेमकं हेच टाळतात. फाइल मिळाली की थेट कोडला बसतात, कारण विचारलं तर आपण अडाणी ठरू अशी भीती वाटते. ती भीती वर्गातच मोडलेली बरी.

यात एक खबरदारी घ्याच. विद्यार्थ्यांचा किंवा वाचकांचा डेटा हाताळताना नावं काढून टाकली म्हणजे झालं, असं मुलांना वाटतं. तसं नसतं. अमेरिकेच्या १९९० च्या जनगणनेवर लटान्या स्वीनी यांनी २००० साली दाखवलं की फक्त पोस्टाचा पाच अंकी कोड, लिंग आणि पूर्ण जन्मतारीख एवढ्यावरून तिथल्या सुमारे ८७ टक्के लोकांची एकमेव अशी ओळख पटू शकते. त्यामुळे जन्मतारखेऐवजी वयोगट घ्या, लहान गट एकत्र करा, विद्यापीठाची रीतसर परवानगी घ्या आणि फाइल मुलांच्या खासगी लॅपटॉपवर फिरू देऊ नका. हेही शिकवण्याचाच भाग आहे; पहिल्याच दिवशी हे सांभाळणारा नवखा माणूस कुठल्याही कार्यालयाला हवाच असतो.

साठ जणांचे तिघातिघांचे वीस गट केले तर सगळ्यांना बाहेरचा प्रश्न मिळणार नाही, हे मला कळतं. उरलेल्यांना एक वेगळं काम द्या. एखादा प्रसिद्ध झालेला अभ्यास घ्यायचा, त्याचा मूळ डेटा मिळवायचा आणि तेच उत्तर पुन्हा येतं का ते पाहायचं. हे काम दुय्यम आहे असं कुणी म्हणालं तर त्यांना थॉमस हर्नडनची हकीकत सांगा. ते मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथल्या शाखेत अर्थशास्त्राचे संशोधक विद्यार्थी होते. वर्गातल्या असाइनमेंटसाठी त्यांनी कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांचा २०१० चा शोधनिबंध निवडला. सरकारी कर्ज देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) ९० टक्क्यांवर गेलं की अर्थव्यवस्थेच्या वाढीचा दर सरासरी उणे ०.१ टक्क्यावर येतो, असं त्यात म्हटलं होतं आणि अनेक देशांतल्या राजकीय चर्चेत तो आकडा मिरवला जात होता. हर्नडन यांना काही केल्या तो आकडा मिळेना. त्यांनी मूळ लेखकांकडून स्प्रेडशीट मागवली. त्यात सरासरीच्या सूत्राने पाच देश वगळले होते. निवड थोड्या ओळी आधीच थांबली होती. शिवाय काही देशांची काही वर्षं गाळलेली होती आणि देशांना दिलेलं वजनही वादाचं होतं. हर्नडन यांनी आपल्या दोन प्राध्यापकांसोबत २०१३ साली दुरुस्त केलेला आकडा प्रसिद्ध केला: अधिक २.२ टक्के. मूळ लेखकांनी सूत्रातली चूक मान्य केली, निष्कर्षाबद्दलचा वाद पुढेही चालू राहिला.

या हकिकतीत मला सगळ्यात आवडतो तो एक मधला टप्पा. आकडा जुळत नव्हता तेव्हा हर्नडन यांना आपलंच चुकलं असणार असं वाटणं स्वाभाविक होतं. प्राध्यापकांनाही आधी तसंच वाटलं होतं. त्यांनी त्यांना पुन्हा पुन्हा तपासायला लावलं, आणि तरी जुळेना तेव्हा त्यांच्या पाठीशी उभे राहिले. तुमच्या वर्गात एखादी मुलगी येऊन म्हणेल, “मॅडम, माझा आकडा पुस्तकातल्यापेक्षा वेगळा येतोय.” तेव्हा लगेच ‘तुझं चुकलंय’ म्हणू नका. कसं तपासलंस ते दाखव म्हणा.

एआयचा प्रश्न इथेच सुटतो. हो, कोड ते लिहून देतं, आणि पुष्कळदा बरा लिहितं. मुलांना ते वापरू द्या, बंदी घालून काही साधणार नाही. कामावर गेल्यावर ती वापरणारच आहेत. पण मघाच्या तीन विद्यार्थी आणि पाच ओळींच्या उदाहरणात एआयने लिहिलेला कोडही तितक्याच आत्मविश्वासाने चुकीची सरासरी देऊ शकतो, कारण एका विद्यार्थ्याच्या अनेक नोंदी आहेत हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. कोड स्वस्त झाला तसं तपासणाऱ्याचं मोल वाढलं. म्हणून गुण कोडला देऊ नका. तोंडी परीक्षेला द्या.

साठ विद्यार्थी म्हणजे तिघांचे वीस गट. प्रत्येक गटाला अर्धा तास दिला तर एकूण दहा तास होतात. आठवडाभरात विभागून घेता येतील एवढे. त्या अर्ध्या तासात सादरीकरण नको, स्लाइड नकोत. लॅपटॉप उघडा ठेवायचा आणि तुम्ही विचारायचं. ही अट काढली तर उत्तर किती बदलेल, आधी अंदाज सांगा, मग चालवून दाखवा. हा सगळ्यात मोठा आकडा कुठून आला, ती मूळ ओळ दाखवा. हे मॉडेल नसतं आणि मागच्या वर्षीचीच सरासरी वापरली असती तर किती फरक पडला असता? शेवटचा प्रश्न कधीच चुकवू नका. साध्या उपायाशी तुलना न करता मोठं मॉडेल मिरवणं ही नवख्यांची सार्वत्रिक सवय आहे. आणि तिघांपैकी कोणालाही कोणत्याही भागावर प्रश्न विचारता येईल, हे आधीच जाहीर करा. मग एकाने काम आणि दोघांनी सह्या हा प्रकार बराच कमी होतो.

एक प्रश्न मी मुलाखतीत आवर्जून विचारते, तो तुम्हीही ठेवा: ज्या दिवशी अंदाज बांधायचा, त्या दिवशी हा रकाना तुमच्या हातात असेल का? शिक्षण कोण सोडणार याच्या मॉडेलमध्ये ‘ग्रंथालयाचं खातं बंद’ हा रकाना घेतला की अचूकता एकदम ९९ टक्क्यांवर जाते आणि गट आनंदाने उड्या मारतो. खातं बंद होतं ते विद्यार्थी सोडून गेल्यावर. उत्तरच प्रश्नपत्रिकेत छापलेलं होतं. फार चांगला निकाल आला की आधी घाबरायचं, ही सवय मुलांना लागली तर तुमचा पेपर सार्थकी लागला असं समजा.

यासोबत प्रत्येक गटाला निर्णयांची वही ठेवायला लावा. रोजनिशीसारखी लांबलचक नको. तारीख, काय ठरवलं, का ठरवलं, दुसरा कोणता पर्याय होता. चार ओळी. आणि अंतिम अहवाल पन्नास पानांचा नको, एका पानाचा हवा, प्रश्न विचारणाऱ्या व्यक्तीच्या नावे लिहिलेला. पहिल्या वाक्यात उत्तर. मग त्यावर किती भरवसा ठेवावा. मग काय माहीत नाही. अल्गोरिदमचं नाव शेवटी आलं तरी चालेल, नाही आलं तरी चालेल. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना पानं भरायची सवय असते, म्हणून हे एक पान त्यांना कोडपेक्षा अवघड जातं. तीन-चार खर्डे होऊ द्या. ग्रंथपालांना ते एक पान वाचून काय करायचं ते समजलं, तर गट पास.

आता करिअरच्या बाजूला वेगळं फारसं काही उरत नाही, तरी दोन गोष्टी बोलते. पहिली, मुलांना पदांची नावं नीट समजावून सांगा. डेटा सायंटिस्ट हे नाव २०१२ च्या सुमाराला फार गाजलं आणि सगळ्यांना तेच हवं असतं. पण नव्याने पदवी घेतलेल्यांना दार बहुधा डेटा ॲनालिस्टच्या कामातून उघडतं: आकडे काढणं, अहवाल उभे करणं, कुठे काय बिघडलं ते शोधणं. ज्याला डेटाची वाहतूक आणि साठवण आवडते त्याने डेटा इंजिनिअर व्हावं. ज्याला मॉडेल चालू ठेवण्यात रस आहे त्याला मशीन लर्निंग इंजिनिअरचं काम आहे. ॲनालिस्ट होणं म्हणजे मागे पडणं, असा समज मुलांच्या डोक्यातून काढा. माझ्या ओळखीतले उत्तम डेटा सायंटिस्ट तिथूनच आले, आणि त्या वर्षांनीच त्यांना आकड्यावर शंका घ्यायला शिकवलं.

दुसरी गोष्ट रेझ्युमेची. आठ-दहा प्रमाणपत्रांची यादी वाचताना मला उमेदवाराबद्दल काहीच कळत नाही. तिथे एकच प्रोजेक्ट असू दे, पण त्याबद्दल तीन वाक्यं नीट असू देत: प्रश्न कुणाचा होता, डेटात काय गडबड सापडली, आणि शेवटी कुणी काय निर्णय घेतला. ‘रँडम फॉरेस्ट वापरून ९४ टक्के अचूकता मिळवली’ आणि ‘पुस्तकांची मागणी नोंदीत कमी दिसत होती कारण नसलेल्या पुस्तकांची विचारणा नोंदलीच जात नव्हती, ती नोंदवायची पद्धत सुचवली, ग्रंथालयाने ती सुरू केली’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून मुलांनाच विचारा, मुलाखतीला कुणाला बोलवाल? सोबत कामाचं भांडार, म्हणजे गिटमध्ये ठेवलेलं कोडचं फोल्डर, सार्वजनिक ठेवता येत असेल तर ठेवावं, मात्र खरा डेटा त्यात न टाकता, आणि वर एक पान असावं की हे काय आहे आणि कसं चालवायचं. पुष्कळ भांडारं उघडली की फाइलींची नावं ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल खरं’ अशी असतात. मी तिथून पुढे वाचत नाही, आणि बाकीचेही फारसे वाचत नसावेत.

मुलाखतीचा सराव घ्यायचा असेल तर तयार प्रश्नोत्तरांच्या याद्या पाठ करून घेऊ नका. वर्गात एक आकडा टाका: ‘या आठवड्यात ग्रंथालयातली नोंद १५ टक्क्यांनी घसरली.’ आणि गप्प बसा. मुलं लगेच कारणं सांगू लागतील, परीक्षा संपली असेल, पाऊस असेल. त्यांना थांबवून विचारा, आधी काय पाहाल? घसरण खरी आहे की नोंदणीचं यंत्र एक दिवस बंद होतं? मागच्या वर्षी याच आठवड्यात काय होतं? सगळ्याच विभागांत घसरली की एकाच? कारण सांगण्याची घाई न करता आधी आकडा खरा आहे का ते पाहणारा उमेदवार फार क्वचित भेटतो. तुमच्या वर्गातले साठ जण तसे होऊ शकतात, आणि अशी पंधरा मिनिटं दर आठवड्याला दिली तर सेमिस्टरभरात तो त्यांच्या बोलण्याचा भाग होतो.

ज्या मुलीबद्दल लिहिलंत तिला वरचं हजार विद्यार्थ्यांचं गणित आजच पाठवा आणि स्वतःच्या प्रोजेक्टवर करून बघायला सांगा: तिच्या डेटात काहीच न करता, सगळ्यांना एकच उत्तर देऊन किती अचूकता मिळाली असती? तो आकडा तिला माहीत असेल तर पुढच्या मुलाखतीत बोलायला भरपूर आहे.

विभागप्रमुखांना सांगा, कार्यशाळेचे दोन दिवस त्या दहा तासांच्या तोंडी परीक्षेसाठी आणि ग्रंथपालांच्या दोन भेटींसाठी द्या. आणि सेमिस्टर संपल्यावर शिफारसपत्रं लिहायची वेळ येईल तेव्हा ‘हुशार आणि मेहनती’ असं लिहू नका. त्या विद्यार्थ्याने स्वतःच्या कामातली कोणती चूक स्वतः पकडली, कशी पकडली आणि ती सांगायला तो कसा आला, तेवढं लिहा. निर्णयांच्या वहीत ते सगळं तारखेसकट असेलच.

तुमची,
ताई